मावळचा भूगोल आणि 'दारूगोळ्याची साम्राज्ये' : एका संकल्पनेचे परीक्षण

इतिहासलेखनात काही संकल्पना अशा असतात की त्या प्रथम एखाद्या ग्रंथाच्या सोयीसाठी जन्मास येतात आणि पुढे स्वतःच ज्ञान म्हणून मिरवू लागतात. 'दारूगोळ्याची साम्राज्ये' ही त्यांपैकीच एक होय. मार्शल हॉजसन यांच्या 'द व्हेंचर ऑफ इस्लाम' या ग्रंथाचा तिसरा खंड त्यांच्या मृत्यूनंतर इ. स. १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्या शीर्षकातच ही संज्ञा आली. उस्मानी, सफवी आणि मोगल या तीन साम्राज्यांचा उदय सोळाव्या शतकाच्या आगेमागे झाला. त्या तिहींना जोडणारा समान दुवा म्हणून हॉजसन यांनी तोफेकडे बोट दाखविले. १९८९ मध्ये विल्यम मॅकनील यांनी हाच विचार १४५० ते १८०० या कालखंडास लावला. तोफखाना खर्चाचा असतो, तो मध्यवर्ती सत्तेलाच परवडतो, त्याच्यापुढे स्थानिक सरदाराच्या दगडी किल्ल्याचा निभाव लागत नाही, आणि म्हणून विस्तीर्ण प्रदेश एका छत्राखाली येतो, अशी या उपपत्तीची थोडक्यात मांडणी आहे.

ही मांडणी आकर्षक आहे. इ. स. १५१४ ची चालदिरानची लढाई आणि १५२६ ची पानिपतची लढाई तिला अनुकूल अशी उदाहरणे पुरवितात. तथापि एखाद्या उपपत्तीची कसोटी तिच्या अनुकूल उदाहरणांवर लागत नसते. जेथे किल्ले पुष्कळ आहेत, जेथे एकामागून एक मुसलमानी सत्तांनी अंमल सांगितला आहे आणि जेथील घडामोडींची साधने बऱ्यापैकी उपलब्ध आहेत, असा एखादा लहान प्रदेश घेऊन ती तपासली पाहिजे. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका, विशेषतः लोणावळ्याच्या परिसरातील घाटमाथा, हा या कामी फार उपयुक्त प्रदेश आहे. अशा तपासणीतून जे निष्पन्न होते ते दारूगोळ्याच्या उपपत्तीला प्रतिकूल आहे. परंतु सह्याद्रीच्या अभेद्यतेविषयीच्या महाराष्ट्रातील रूढ समजुतीलाही ते अनुकूल नाही.

१

मावळ म्हणजे मावळतीकडचा मुलूख. पुण्याहून वायव्येस निघालेला प्रवासी वडगाव, कामशेत, मळवली या वाटेने साठपासष्ट किलोमीटर गेला की लोणावळ्यास पोचतो. या अल्प अंतरात निसर्ग पालटतो. पुण्यास वर्षाकाठी सातशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. लोणावळ्यास तो चार हजारांहून अधिक असतो. खोऱ्यांच्या तळाशी भात, उतारांवर नाचणी आणि वरई, आणि त्याच्या वर कातळ व रान, अशी येथील जमिनीची रचना आहे. इंद्रायणी, पवना, आंद्रा या नद्यांनी मुलखाचे लांबट पट्टे पाडले आहेत. पवन मावळ, आंदर मावळ, नाणे मावळ ही नावे त्या खोऱ्यांची आहेत.

या खोऱ्यांच्या पश्चिम टोकास कोकणात उतरणाऱ्या वाटा आहेत. बोरघाट त्यांतील प्रमुख; त्याच्या जोडीस कुरवंडे, कुसूर, सावळे असे दुय्यम घाट. या वाटांचे महत्त्व कोणत्याही मध्ययुगीन सत्तेने निर्माण केलेले नाही. कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी सातवाहन काळापासून या मार्गावर उभी आहेत, यावरून कल्याण व चौल या बंदरांशी चालणाऱ्या व्यापाराची प्राचीनता कळते. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची आणि कोरीगड हे किल्ले त्याच वाटांच्या अवतीभवती आहेत. कोणतीही सत्ता मावळात आली ती भातशेतीच्या वसुलासाठी जितकी, तितकीच, किंबहुना त्याहून अधिक, या वाटांसाठी आली.

या प्रदेशाची मुलकी परिभाषा पाहण्यासारखी आहे. परगणा, तरफ, ठाणे, मोकासा, हवालदार, मजहर हे सर्व शब्द फारसी-अरबी परंपरेतून आले आणि येथील कागदपत्रांत मुरले. परंतु 'तरफ' हा शब्द साम्राज्याचा असला, तरी त्यापुढे लागलेले नाव खोऱ्याचेच राहिले. सत्तेने विभागाला संज्ञा दिली. विभागाची सीमा मात्र पाणलोटाने आधीच आखून ठेवली होती. देशमुख व देशपांडे यांची वतने याच सीमांत बसलेली होती आणि दरबार बदलला तरी ती सहसा बदलत नसत. ही गोष्ट लहान वाटली, तरी पुढील सर्व विवेचनाचा पाया तीच आहे.

२

बहमनी सत्तेच्या उतरत्या काळात मलिक हसन निजाम-उल-मुल्क याचा पुत्र मलिक अहमद जुन्नरला आला. पंधराव्या शतकाच्या नवव्या दशकात त्याने शिवनेरी घेऊन पुढे घाटमाथ्यावरील अनेक किल्ले हस्तगत केले. फिरिश्त्याने दिलेल्या यादीत लोहगड, तुंग व तिकोना येतात. हे किल्ले त्या वेळी नाममात्र बहमनी अमलाखाली होते, पण प्रत्यक्षात स्थानिक गडकऱ्यांच्या हाती होते. इ. स. १४९० मध्ये बहमनी फौजेचा पराभव करून मलिक अहमद स्वतंत्र झाला आणि निजामशाहीचा पाया घातला गेला. अहमदनगर शहराची उभारणी त्यानंतरची आहे.

या घटनेचा कालानुक्रम दारूगोळ्याच्या उपपत्तीला अडचणीचा आहे. दख्खनमध्ये तोफेने किल्लेयुद्धाचे स्वरूप पालटले ते सोळाव्या शतकात. रिचर्ड ईटन यांनी इ. स. १५२० च्या रायचूरच्या युद्धापासून या परिवर्तनाचा विचार केला आहे. म्हणजे मावळातील किल्ल्यांचा एवढा मोठा समूह एका मुसलमानी सत्तेच्या हाती एकाच झपाट्यात आला, तो तोफेच्या युगाच्या आधी. पुढे निजामशाहीकडे मोठा तोफखाना झाला. विजापूरच्या तटावर आज असलेली 'मुलूख-मैदान' तोफ इ. स. १५४९ मध्ये अहमदनगरलाच ओतली गेली आणि ती ओतणारा मुहम्मद बिन हुसेन हा 'रूमी', म्हणजे उस्मानी मुलखाशी संबंध सांगणारा, होता. हॉजसन यांच्या सिद्धांतास याहून चांगला पुरावा कोणता? परंतु पंचावन्न टनांची ती तोफ जेथे जाऊ शकत नव्हती, तेथेच मावळ होते. आणि निजामशाहीचा मावळवरील अंमल त्या तोफेविना सुमारे दीडशे वर्षे चालला. तो चालला याचे कारण जुन्नरची नजीकता, गडांवरील शिबंदी आणि खोऱ्यांतील वतनदारांशी असलेला व्यवहार यांत शोधले पाहिजे.

इ. स. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली. त्या वर्षीच्या तहाने शाहजहान व मुहम्मद आदिलशाह यांनी तिचा मुलूख वाटून घेतला. जुन्नर मोगलांकडे आले. पुणे व चाकण हे परगणे आणि कोकण आदिलशाहीकडे गेले. माहुलीच्या वेढ्यानंतर शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले. मावळपुरते बोलायचे तर हे सत्तांतर कागदावर झाले. शेकडो मैलांवरच्या दोन दरबारांनी भीमेच्या आसपास एक रेघ कबूल केली आणि आंदर मावळ निजामशाही मुलखातून आदिलशाही मुलखात गेले. नकाशावर रंग बदलण्यास एवढे पुरेसे असते. खोऱ्यात काय बदलले, हा प्रश्न मात्र त्या रंगातून सुटत नाही.

३

मोगल सत्तेचा मावळशी प्रत्यक्ष सामना शाइस्ताखानाच्या स्वारीने सुरू झाला. मे १६६० मध्ये तो पुण्यास आला. चाकणच्या भुईकोटास त्याने वेढा घातला. फिरंगोजी नरसाळा याने तो सुमारे दोन महिने लढविला आणि ऑगस्टमध्ये सुरुंगाने बुरूज उडाल्यावर किल्ला पडला. येथे दारूने आपले काम चोख बजावले हे मान्य केले पाहिजे. परंतु चाकण सपाटीवर आहे. दारूने तो किल्ला दोन महिन्यांत घेतला, तेव्हा तशाच वेगाने घाटमाथ्यावरचे डोंगरी किल्ले घेण्याचा हिशोब कोणत्याही सेनापतीला परवडणारा नव्हता.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १६६१ मध्ये, कारतलबखान उझबेग हा फौज घेऊन पुण्याहून मावळमार्गे कोकणात उतरण्यास निघाला. त्याच्यासमवेत रायबाघन होती. लोहगड-विसापूरच्या छायेतून ही फौज पुढे गेली आणि बोरघाट टाळून कुरवंडे घाटाने उतरली. पायथ्याशी उंबरखिंडीत ती अडकली. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'त या प्रसंगाचे वर्णन आहे. स. म. दिवेकर यांनी १९२७ मध्ये ते काव्य संपादून प्रसिद्ध केल्यावर या लढाईचा तपशील अभ्यासकांपुढे आला. दोन्ही बाजूंस रान, मागे घाट, पुढे अडवलेली वाट आणि पाण्याची टंचाई अशा अवस्थेत खानाने शरणागती पत्करली आणि खंडणी देऊन तो सुटला.

या प्रसंगाचा योग्य अर्थ लावताना एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. मोगल फौज घाटमाथ्यावरून निर्वेध गेली. तिला कोणत्याही गडाने अडविले नाही. ती सापडली ती गडाखाली नव्हे, तर दोन भूप्रदेशांच्या सांध्यावर. आणि सापडली ती वाटेची माहिती कोणाकडे आहे या प्रश्नावर. उंबरखिंडीचा विजय किल्ल्याचा म्हणता येत नाही. तो वाटांच्या माहितीचा आहे, आणि ती माहिती खोऱ्यांतील माणसांजवळ होती.

४

इ. स. १६६५ चे वर्ष या तपासणीत निर्णायक आहे. मिर्झाराजे जयसिंग यांनी पुरंदरास वेढा घातला. वज्रगडावर मारा करण्यासाठी मोठ्या तोफा डोंगरावर चढवाव्या लागल्या आणि एकेका तोफेस काही दिवस लागले. एप्रिलमध्ये वज्रगड पडला. दारूगोळ्याच्या उपपत्तीचे समर्थक या वेढ्याकडे निर्देश करतील, आणि तेवढ्यापुरते ते योग्यही आहे. परंतु त्याच मोहिमेत मावळकडे पाठविलेल्या फौजांनी काय केले ते पाहावे. जदुनाथ सरकार यांनी फारसी साधनांच्या आधारे दिलेल्या हकिकतीप्रमाणे, दाऊदखान कुरेशी व कुत्बुद्दीनखान यांच्या फौजांनी लोहगड, विसापूर, तिकोना व तुंग या चार किल्ल्यांच्या पायथ्याची वस्तीची गावे जाळली आणि मुलूख उद्ध्वस्त केला. त्या किल्ल्यांना रीतसर वेढा पडला नाही. त्यांच्यावर तोफा चढल्या नाहीत.

जूनमध्ये पुरंदरचा तह झाला. २३ किल्ले व चार लक्ष होनांचा मुलूख मोगलांकडे गेला. १२ किल्ले व एक लक्ष होनांचा मुलूख शिवाजी महाराजांकडे राहिला. तेवीस किल्ल्यांच्या यादीत लोहगड, इसागड म्हणजे विसापूर, तुंग व तिकोना ही चारही नावे आहेत. म्हणजे मावळातील हे किल्ले मोगल साम्राज्यात आले ते तहाच्या कलमाने. आणि ते गेले तेही लवकर : लोहगड मे १६७० मध्ये परत घेतला गेला. पाच वर्षेही न टिकलेल्या या ताब्याला 'विस्तार' म्हणावयाचे की नाही, हा शब्दांचा वाद नव्हे. तो पद्धतीचा प्रश्न आहे.

जयसिंगांच्या रणनीतीचे मर्म तोफेत शोधण्याऐवजी जाळलेल्या गावांत शोधले, तर संगती अधिक चांगली लागते. डोंगरी किल्ल्याची शिबंदी पायथ्याच्या खोऱ्यावर जगते. भात खोऱ्यात पिकतो, माणूस खोऱ्यातून येतो, बातमी खोऱ्यातून येते. खोरे जाळले की किल्ला उभा असूनही निराधार होतो. मोगल सेनापतीला जे कळले होते, ते दारूगोळ्याच्या इतिहासकाराला दिसले नाही. आणि गडांच्या गौरवात रमणाऱ्या मराठी लेखकालाही ते फारसे दिसलेले नाही. कारण त्या गौरवगाथेत जळालेल्या गावांना स्थान नसते.

५

तोफेची उपपत्ती अपुरी ठरल्यावर तिच्या जागी अन्य तीन उपपत्ती पुढे येतात. त्यांचीही परीक्षा आवश्यक आहे.

पहिली उपपत्ती हवामानाची. योस गोमन्स यांनी 'मुघल वॉरफेअर' (२००२) या ग्रंथात मोगल साम्राज्याचा विस्तार कोरड्या प्रदेशाशी, घोड्याशी आणि राजमार्गांशी जोडला आहे. जेथे चारा, घोडा आणि मोकळे मैदान, तेथे साम्राज्य. जेथे दमट रान, तेथे त्याची मर्यादा. पुणे आणि लोणावळा यांच्या पावसातील तफावत पाहिली की हे विवेचन मावळासाठीच लिहिले आहे असे वाटते, आणि त्याचा उपयोग नाकारता येत नाही. परंतु कारतलबखान सापडला तो फेब्रुवारीत. तेव्हा पाऊस नव्हता. उलट पाणीच नव्हते. जयसिंगांच्या फौजांनी गावे जाळली तीही उन्हाळ्यात. हवामान मोहिमेचा हंगाम ठरविते. त्या हंगामात काय घडेल हे ते ठरवीत नाही.

दुसरी उपपत्ती सह्याद्रीची. न्या. म. गो. रानडे यांनी 'राइज ऑफ द मराठा पॉवर' (१९००) मध्ये महाराष्ट्राच्या भूरचनेचा लोकस्वभावाशी आणि राज्यस्थापनेशी संबंध जोडला. रानड्यांचे प्रतिपादन सावध होते, धार्मिक व सामाजिक कारणांना त्यात मोठे स्थान होते. त्यांच्यानंतर मात्र 'सह्याद्रीने परचक्र रोखले' हे वाक्य सिद्धांताप्रमाणे वापरले जाऊ लागले. मावळचाच इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. याच सह्याद्रीतील किल्ले मलिक अहमदाने घेतले. याच डोंगरांत निजामशाही व आदिलशाही अंमल चालला. आणि मार्च १८१८ मध्ये कर्नल प्रॉथर याच्या इंग्रज फौजेने आधी विसापूर घेतला. त्याच्या उंचीवरून लोहगड माऱ्याखाली आल्यावर तोही फारसा प्रतिकार न होता पडला. विसापूर लोहगडाहून उंच आहे, ही गोष्ट १६६५ मध्येही खरीच होती. डोंगर तेच, खिंड तीच, उंची तीच. १८१८ मध्ये पेशवा रणातून पळत होता आणि गडांच्या मागे उभी राहणारी सत्ता कोसळली होती, एवढाच फरक होता. डोंगर कोणाचेही रक्षण आपण होऊन करीत नाही.

तिसरी उपपत्ती सर्वांत सूक्ष्म आहे. आंद्रे विंक यांनी 'लँड अँड सॉव्हरेन्टी इन इंडिया' (१९८६) मध्ये असे मांडले की मुसलमानी साम्राज्यांचा आणि त्यांच्या मागोमाग मराठ्यांचाही विस्तार मुख्यतः 'फितने'ने झाला. स्थानिक वतनदारांना फोडणे, सामावून घेणे, त्यांच्या भाऊबंदकीचा लाभ उठविणे ही विस्ताराची खरी रीत होती. मराठीत फितवा व फितूर या शब्दांना विश्वासघाताचा वास आहे; विंक त्यातून राजनीतीचे सामान्य तत्त्व काढतात. जून १६५९ मध्ये आदिलशहाने अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी कान्होजी जेधे यांस पाठविलेले फर्मान या रीतीचा उत्तम दाखला आहे. तेथे साम्राज्य तोफेने बोलत नाही, कागदाने बोलते. खोपडे खानास मिळाले. जेधे मिळाले नाहीत.

विंक यांच्या उपपत्तीने मावळचा पुष्कळ भाग उलगडतो. परंतु तिचा दोष असा, की एकाच फर्मानापुढे दोन देशमुखांनी दोन भिन्न निर्णय का घेतले हे ती सांगू शकत नाही. फितना हे जर सार्वत्रिक तत्त्व असेल, तर निष्ठा हा केवळ लिलावाचा न संपलेला भाग ठरतो. जेध्यांचा निर्णय त्या हिशोबात बसत नाही. वतन धोक्यात घालून घेतलेला निर्णय हिशोबाबाहेरच्या एखाद्या बांधिलकीची खूण असतो, आणि इतिहासकाराने तिला नाव देण्याचे टाळू नये.

६

औरंगजेबाच्या अखेरच्या मोहिमांनी हाच धडा मोठ्या प्रमाणावर पुन्हा दिला. कोंढाणा १७०३ मध्ये आणि राजगड व तोरणा १७०४ मध्ये बादशहाच्या ताब्यात आले. किल्ल्यांना नवी नावे मिळाली. बादशहाची छावणी हलताच ताबा सैल होऊ लागला, आणि १७०७ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर त्याला अर्थ उरला नाही. १७१३ मध्ये कान्होजी आंग्रे यांनी लोहगड व राजमाची घेतले, तेव्हा तंटा मराठ्यांच्या दोन पक्षांतला होता. मोगलांचा त्यात संबंध नव्हता. बाळाजी विश्वनाथाने १७१४ च्या आरंभी लोणावळ्याजवळ वळवण येथे आंग्र्यांशी तह करून तो मिटविला. त्यानंतर पाच वर्षांनी, १७१९ मध्ये, दिल्लीहून स्वराज्य, चौथाई व सरदेशमुखी यांच्या सनदा आल्या. स्वराज्याच्या सनदेतील मुलखांत मावळांचाही समावेश होता. साम्राज्याने मावळसंबंधी उच्चारलेला हा अखेरचा महत्त्वाचा शब्द होय, आणि तोही कागदच होता. जे हातात नव्हते ते देऊन टाकल्याचा तो कागद होता. तरीही मराठ्यांना तो हवा होता, ही गोष्ट साम्राज्याच्या दुसऱ्या सामर्थ्याची, म्हणजे मान्यता देण्याच्या सामर्थ्याची, साक्ष आहे. दारूगोळ्याच्या उपपत्तीत या सामर्थ्याला जागा नाही.

एवंच, मावळात मुसलमानी साम्राज्यांचा विस्तार तीन पातळ्यांवर झाला : दरबारच्या कागदावर, घाटाच्या वाटेवर आणि खोऱ्यातील वतनात. या तीन पातळ्या एकाच वेळी क्वचितच जुळत. निजामशाहीत त्या बऱ्याच अंशी जुळल्या, म्हणून तो अंमल टिकला. १६३६ मध्ये कागद बदलला, वतन राहिले. १६६१ मध्ये वाट हातची गेली. १६६५ मध्ये खोरे जाळून कागद मिळविला गेला, आणि खोरे पुन्हा उभे राहताच तो निरर्थक झाला. तोफ या तिन्हींपैकी एकाच पातळीवर, आणि तीही सपाटीच्या जवळ, निर्णायक ठरली.

हॉजसन यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हे नमूद केले पाहिजे, की त्यांनी तोफेला एकमेव कारण मानलेले नव्हते. डग्लस स्ट्रूसँड यांनीही २०१० च्या आपल्या ग्रंथात ही संज्ञा मर्यादा घालूनच वापरली आहे. दोष संज्ञेच्या निर्मात्यापेक्षा तिच्या सरसकट वापराचा आहे, आणि तो वापर नकाशांतून सर्वाधिक होतो. इरफान हबीब यांच्या १९८२ च्या मोगल साम्राज्याच्या नकाशासंग्रहात राजकीय व आर्थिक पट निरनिराळे आखले आहेत, हे त्याचे मोठेपण. परंतु वर्गात लटकणाऱ्या नकाशात एकच रंग असतो आणि तो कोकणच्या किनाऱ्यापर्यंत सलग पसरलेला असतो. त्या रंगाखाली बोरघाट, कुरवंडे घाट आणि पवन मावळ गडप होतात. पदव्युत्तर अभ्यासकाने या प्रदेशावर काम करताना वर्षनिहाय तीन नकाशे करावेत : तहनाम्यांचा एक, ठाण्यांचा व घाटांचा दुसरा, आणि मजहर, वतनपत्रे व महसुलाच्या कागदांवरून वतनांचा तिसरा. हे तीन नकाशे एकावर एक ठेवल्यावर ज्या जागी रेषा जुळत नाहीत, तेथे मावळचा इतिहास सुरू होतो.